फाशी सुनावताना न्यायाधीशावर घटनेची बंधनं कोणती?

देवराई :

१९५५ पर्यंत आपल्याकडे खुनाला फाशी हा नियम होता आणि जन्मठेप हा अपवाद. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३६७(५) सांगत होतं की, फाशी देता येईल अशा गुन्ह्यात न्यायाधीशाने दुसरी शिक्षा दिली, तर फाशी का दिली नाही याची कारणं लिहावीत. जीव घ्यायला कारण लागत नव्हतं, वाचवायला लागत होतं. १९५५ च्या दुरुस्तीने ते पोटकलम गेलं आणि १९७३ च्या संहितेने सगळं उलटं केलं. कलम ३५४(३) प्रमाणे फाशी द्यायची तर निकालपत्रात 'विशेष कारणं' नोंदवावी लागतात. आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद ३९३(३) म्हणून आहे.

फाशीची बातमी आली की 'असावी की नसावी' यावर आपण तावातावाने बोलतो. तो वाद इथे नको. कायद्यात फाशी आहे तोवर ती सुनावणाऱ्या न्यायालयाने काय काय केलंच पाहिजे आणि ते होतं का, एवढंच बोलू. माझं मत आधीच सांगतो. बंधनं भक्कम आहेत. पण त्यातलं सगळ्यात मोठं बंधन म्हणजे गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करणं, आणि नेमकं तेच खालच्या कोर्टात बहुतेक वेळा पाळलं जात नाही. कारण त्या माणसाची माहितीच न्यायाधीशापुढे येत नाही.

घटनेचं कलम २१ म्हणतं की, कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. म्हणजे कार्यपद्धती असेल तर जीवही घेता येतो, हे त्यात गृहीत आहे. दयेच्या अर्जाची कलमं ७२ आणि १६१ हेही तेच दाखवतात. १९७२ च्या जगमोहन सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने फाशी वैध ठरवली. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी निकाल आला आणि ती कार्यपद्धती नुसती कायद्यात असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, हे पक्कं झालं. मग फाशीचा प्रश्न पुन्हा काढावा लागला.

९ मे १९८० चा बच्चन सिंग निकाल तो हाच. चार विरुद्ध एक. न्या. सरकारिया यांनी बहुमताचा निकाल लिहिला, न्या. भगवती विरोधात गेले. बहुमताने फाशी टिकवली, पण अटीवर. जन्मठेप हा नियम. फाशी फक्त 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणात, आणि तीही दुसऱ्या शिक्षेचा मार्ग निर्विवादपणे बंद झालेला असेल तेव्हाच. हा शेवटचा तुकडा बातम्यांत कधी येत नाही. गुन्हा कितीही भयंकर असला तरी तेवढ्याने तो मार्ग बंद होत नाही. हा माणूस पुन्हा असं करील आणि सुधारणार नाही, हे सरकारने पुराव्यानिशी दाखवायचं आहे. आरोपीने 'मी सुधारेन' हे सिद्ध करायचं नाहीये.

तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, माछी सिंग निकालात 'दुर्मिळातील दुर्मीळ' ओळखायला पाच कसोट्या आल्या : खुनाची पद्धत, हेतू, गुन्ह्याचं समाजविघातक स्वरूप, व्याप्ती आणि बळी गेलेली व्यक्ती कोण होती. नीट बघा, पाचही कसोट्या गुन्ह्याच्या आहेत. पुढे गुन्हेगाराचाही ताळेबंद मांडा असं त्याच निकालात लिहिलंय, पण वापरायला सोप्या त्या पाच कसोट्या, म्हणून त्याच रुळल्या. डिसेंबर १९९५ मध्ये रावजी खटल्यात तर गुन्ह्याचं स्वरूप बघा, गुन्हेगाराचं नको, इथपर्यंत सर्वोच्च न्यायालय गेलं. रावजीला १९९६ मध्ये फाशी झाली. २००९ मध्ये संतोषकुमार बारियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात त्याच न्यायालयाने मान्य केलं की रावजीचा निकाल बच्चन सिंगच्या विरोधात होता, म्हणून तो कायद्याचा दाखला धरू नये. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहून कळवलं की अशा चुकीच्या आधारावर १३ जणांना फाशी सुनावली गेली आहे. या १३ जणांखेरीज अशाच आधारावर शिक्षा झालेले दोघे तोवर फासावर गेले होते.

दुसरं बंधन मला फार महत्त्वाचं वाटतं : कायदेमंडळालाही न्यायाधीशाचा निवड करण्याचा अधिकार काढून घेता येत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०३ मध्ये जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षा नाही, असं होतं. १९८३ मध्ये मिठू खटल्यात घटनापीठाने ते कलम घटनेच्या कलम १४ (समानता) आणि २१ खाली रद्द केलं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचा मुद्दा सरळ होता. परिस्थिती बघायची मुभाच नसेल तर शिक्षेच्या सुनावणीला अर्थ काय? २०१२ मध्ये शस्त्र कायद्याचं कलम २७(३) याच कारणाने गेलं. त्याआधी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थ कायद्यातली सक्तीची फाशी ऐच्छिक ठरवली होती. २०१४ मध्ये संसदेने कायदाही तसा दुरुस्त केला.

कोर्टात प्रत्यक्ष काम करणारं कोणी असेल तर जरूर लिहा. निकालपत्रं वाचणं वेगळं आणि रोजचं कोर्ट वेगळं.

---

कातळ :

अभ्यासपूर्ण लिहिलंय, पण माझ्या मनात दुसरीच गोष्ट येते. आरोपीचं बालपण, त्याची गरिबी, त्याची सुधारण्याची शक्यता, सगळं रेकॉर्डवर यायला हवं म्हणता. ज्या पोरीला मारलं तिचं बालपण कोण आणणार रेकॉर्डवर? तिच्या आईला कोर्ट साक्षीपुरतं बोलावतं आणि घरी पाठवतं. गरिबीत वाढलेले लाखो लोक कोणाचा खून करत नाहीत. ही सगळी बंधनं एकाच बाजूला का?

---

पिंपळपार :

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करतो. बराच काळ विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना सरकारी खर्चाने वकील देणारी संस्था) पॅनेलवर होतो, म्हणून लिहितोय.

'शिक्षेच्या मुद्द्यावर सुनावणी' कशी होते ते सांगतो. सकाळी निकाल पुकारतात. आरोपीला पुढे घेतात आणि न्यायाधीश साहेब सांगतात, तुमच्यावरचा आरोप सिद्ध झालाय, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का? माणूस तोवर सुन्न झालेला असतो. हात जोडून म्हणतो, 'साहेब, मी काही केलं नाही.' रेकॉर्डवर एक वाक्य जातं, आरोपीने दयेची विनंती केली. मग त्याचा वकील उठतो. वय लहान आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, तो एकटा कमावता आहे. खटला कोणताही असो, वाक्यं हीच. सरकारी वकील निकालांच्या झेरॉक्स देतात, माछी सिंग सगळ्यात वर. जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षा.

शाळा कधी सुटली, डोक्याला कधी मार बसला होता का, घरी मारहाण होती का, मानसिक आजार होता का, खटला चालू असताना तुरुंगात कसा वागला, यातलं काहीही कागदावर नसतं. वकिलाने हे आधी गोळा करावं म्हणाल, तर अडचण पैशाची आहेच. पॅनेलच्या फीमध्ये आरोपीच्या गावी जाऊन यायचं भाडंही निघत नाही. पण दुसरी अडचण जास्त अवघड आहे. दोषी ठरण्याआधी हे विचारायला गेलं की घरचे म्हणतात, 'वकीलसाहेब, म्हणजे आपण हरणार असं तुम्ही धरूनच चाललाय का?' बायको रडायला लागते. मग कोणी विचारत नाही. आणि दोषी ठरल्यावर हातात दोन तास असतात.

१९८९ मध्ये अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी पुढची तारीख द्यावी. पण नंतर त्याच न्यायालयाच्या काही पीठांनी त्याच दिवशी दिलेली शिक्षाही चालवून घेतली. त्यामुळे खालचे साहेब कोणत्याही बाजूचा दाखला घेऊ शकतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश लळित यांच्या पीठाने हा घोळ ओळखून प्रश्न पाच न्यायाधीशांकडे सोपवला, तो याचसाठी.

---

देवराई :

पिंपळपार, मनापासून आभार. माझ्या सगळ्या निकालपत्रांपेक्षा तुमचं ते एक वाक्य भारी आहे, 'आपण हरणार असं तुम्ही धरूनच चाललाय का'.

कातळ, तुमचा प्रश्न टाळणार नाही. पीडित कुटुंबाला आपली न्यायव्यवस्था फार वाईट वागवते, हे मला मान्य आहे. २००९ पासून पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवल्याविरुद्ध आणि अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करता येतं. शिक्षा कमी वाटली म्हणून मात्र करता येत नाही, ते सरकारच्या हातात. भरपाईच्या योजना आहेत, आपल्याकडे मनोधैर्य योजना आहे, पण पैशासाठी खेटे घालावे लागतात ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्या आईसाठी भांडायला हवंच. पण आरोपीची माहिती कमी मागवल्याने तिला जास्त काही मिळत नाही. उलट, घाईने दिलेली फाशी वर जाऊन कोसळली की पंधरा वर्षांनी तिच्या दारात पुन्हा वार्ताहर उभे राहतात.

आणि गरिबी ही सबब म्हणून मांडत नाहीये. राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दिल्ली यांच्या २०१६ च्या अहवालात फाशीची शिक्षा सुनावलेल्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले निघाले. गरीब लोक जास्त क्रूर असतात असं तुम्हीही म्हणणार नाही. मग हा आकडा एवढा कशामुळे? पिंपळपारांनी वर लिहिलंय त्यात उत्तर आहे. जो वकील लावू शकतो त्याचं आयुष्य कोर्टापुढे येतं, दुसऱ्याचं येत नाही.

---

खडूफळा :

नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा-खून खटल्याबद्दल इथे लिहायलाच हवं. भटक्या जमातीतले सहा मजूर. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप काढून फाशी दिली. म्हणजे सहाही जण पुन्हा फाशीच्या कोठडीत. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

निकालात एक गोष्ट वाचून मी थांबलोच. घटनेनंतर दोनच दिवसांनी, वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. हा कागद सरकार पक्षाने कोर्टापुढे नीट आणलाच नाही. त्या बाईने ओळखलेल्या चौघांचं काय झालं? सोळा वर्षांनी कोर्टाने पुढचा तपास करायला सांगितलं. सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचे, असा आदेश राज्य सरकारला झाला.

कातळ, त्या घरातल्या मेलेल्या माणसांनाही यात न्याय मिळालेला नाही.

---

देवराई :

खडूफळा, या खटल्यात आणखी एक दुवा आहे. २००९ चा तो फाशीचा निकाल रावजीच्याच धाग्यावर होता, गुन्हा बघा, गुन्हेगार नको. आणि ते सहा जण वाचले ते २०१४ च्या एका निकालामुळे. तोवर सर्वोच्च न्यायालयातली फेरविचार याचिका बंद दाराआड, कागद फिरवून निकाली निघायची. वकिलाला बोलायची संधी नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ निकालात घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात फेरविचार खुल्या न्यायालयात, किमान तीन न्यायाधीशांपुढे, तोंडी युक्तिवाद ऐकून व्हावा. कमाल अर्धा तास. या सहा जणांच्या फेटाळलेल्या याचिका त्यामुळे पुन्हा उघडल्या. अर्ध्या तासाच्या हक्कावर सहा जीव टिकले.

---

सह्यकडा :

एक शंका. अमेरिकेत २०१६ मध्ये फ्लोरिडाची पद्धत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण फाशीसाठी लागणारी वस्तुस्थिती ज्युरीने ठरवायची असते, एकट्या न्यायाधीशाने नाही. आपल्याकडे ज्युरी नाही. मग एकाच माणसाच्या स्वभावावर सगळं नाही का अवलंबून?

---

देवराई :

अगदी हाच मुद्दा न्या. भगवतींनी बच्चन सिंगमधल्या विरोधी निकालात मांडला होता. कोणतं पीठ समोर येतं त्यावर जगणं-मरणं ठरत असेल तर ते कलम १४ आणि २१ मध्ये बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडचा बचाव ज्युरीत नाही, टप्प्यांत आहे. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आरोपीने अपील केलं नाही तरीही. तिथे किमान दोन न्यायाधीशांच्या सह्या लागतात. उच्च न्यायालय नव्याने पुरावाही घेऊ शकतं. वर सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायाधीश. हे सगळं ऐकायला छान वाटतं, म्हणून हरबंस सिंगचं प्रकरण सांगतो.

तिघांवर सिद्ध झालेला एकच गुन्हा, उत्तर प्रदेशातलं एका कुटुंबातल्या चौघांचं हत्याकांड. तिघांनाही फाशी. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या पीठांपुढे गेले. कश्मिरा सिंगची फाशी १९७७ मध्ये जन्मठेपेत बदलली. जीता सिंगचा अर्ज त्याआधीच फेटाळला होता, त्याला ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फाशी झाली. हरबंस सिंगलाही त्याच दिवशी व्हायची होती, पण त्याने ऐनवेळी याचिका केली म्हणून थांबली. तेव्हा कुठे न्यायालयाच्या लक्षात आलं की तिघांचा वाटा सारखाच आहे. टप्पे होते, न्यायाधीश होते, नियमही पाळले होते.

---

नीरा :

मला उशिराबद्दल विचारायचं आहे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द करून जन्मठेप दिली, कारण दयेच्या अर्जावर सरकारने जवळपास आठ वर्षं घालवली. पुण्याच्या बीपीओ प्रकरणातही (तिथल्या कर्मचारी तरुणीचा खून) तेच, आधी उच्च न्यायालय आणि मग २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय. चूक मंत्रालयातल्या फायलींची आणि फायदा खुन्यांना? त्या लेकरांच्या आयांना हे कसं समजावायचं? मी फाशीच्या बाजूची नाही, तरी हे मला पचत नाही.

---

देवराई :

नीरा, या गोष्टीचा राग मलाही येतो. पण राग फाईल दाबून बसलेल्यांवर यायला हवा.

कायदा कसा आला ते सांगतो. १९८३ मध्ये एका पीठाने दोन वर्षं उशीर झाला की फाशी रद्द, असं म्हटलं. ते लगेच बदललं, ठरावीक मुदत नको म्हणून. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात १५ जणांच्या फाशीचा विचार झाला आणि तत्त्व पक्कं झालं : दयेच्या अर्जावर सरकारने कारण नसताना खूप काळ काढला तर ते कलम २१ चं उल्लंघन आहे, गुन्हा कोणताही असो. न्यायालयाने दिलेली शिक्षा फाशीची होती. वर्षानुवर्षं रोज सकाळी 'आज का?' असं वाटत जगायला लावणं ही शिक्षा कोणी सुनावली नव्हती. कैद्याने स्वतः लांबवलेला काळ यात धरत नाहीत, म्हणून दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणात एकामागून एक अर्ज करूनही २० मार्च २०२० ला चौघांना फाशी झालीच.

पुण्याच्या प्रकरणात राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये नकार दिला आणि वॉरंट निघालं २०१९ मध्ये. मधली दोन वर्षं कागद कारागृह आणि सत्र न्यायालय यांच्यात फिरत राहिला. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष काढायला सांगितलंय. हे कक्ष नीट चालले तर तुमच्या त्या आयांना पुन्हा हे ऐकावं लागणार नाही.

त्याच २०१४ च्या निकालात आणखी एक गोष्ट आहे. अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस हवेत आणि घरच्यांना आधी कळवलं पाहिजे. २०१३ मध्ये अफजल गुरूच्या घरी फाशीचं पत्र पोचलं ते फाशी झाल्यावर. गुन्हा काय होता ते बाजूला ठेवलं तरी हे सरकारला शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

खडूफळा :

पुण्याचंच १९९४ चं सात जणांचं हत्याकांड आठवतं का? त्यातल्या एकाची फाशी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने राजस्थानातल्या शाळेचा दाखला खरा मानला आणि गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय १२ वर्षं ६ महिने होतं असं ठरवलं. तोवर त्याने २८ वर्षं तुरुंगात काढली होती. बालगुन्हेगार म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षं झाली असती.

मी शाळेत शिकवतो. बारा वर्षांचं मूल म्हणजे सातवीतलं. ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असताना कोणाला शाळेचा दाखला मागवावासा वाटला नाही. कबूल आहे की त्याचं वय तेव्हा रेकॉर्डवर वीसच्या पुढे लिहिलं होतं. पण माणसाबद्दल कोणी विचारत नाही म्हणजे काय, ते मला या खटल्यात कळलं.

---

कातळ :

नाशिकचं आणि हे पुण्याचं, दोन्ही मला माहीत नव्हतं. निर्दोष माणूस आणि लहान मूल, इथे माझा वाद नाही. पण ज्याच्यावर गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध झालाय, तो सज्ञान आहे, आणि गुन्हा असा आहे की वाचतानाही सहन होत नाही, त्याचं काय? फाशी काढली की चौदा वर्षांत बाहेर. लोकांना ही भीती आहे, म्हणून लोक फाशी मागतात.

---

पिंपळपार :

कातळ, चौदा वर्षांची समजूत चुकीची आहे आणि दुर्दैवाने ती कोर्टाच्या आवारातही ऐकू येते. जन्मठेप म्हणजे कायद्याने उरलेलं आयुष्य. चौदा वर्षं ही किमान मर्यादा आहे. खुनासारख्या गुन्ह्यात त्याआधी सरकार सोडूच शकत नाही, आणि नंतरही सोडलंच पाहिजे असं नाही.

तुम्ही म्हणता ती भीती सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात मान्य केली. फाशी जड वाटते आणि साधी जन्मठेप हलकी, अशा वेळी २५, ३० वर्षं किंवा मरेपर्यंत, सूट नाही, अशी शिक्षा देण्याची वाट काढली. २०१५ मध्ये घटनापीठाने ती तीन विरुद्ध दोन मतांनी मान्य केली, पण फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयासाठी. वर लिहिलेल्या बीपीओ प्रकरणात दोघांना उच्च न्यायालयाने ३५ वर्षं दिली, ती यातूनच. खैरलांजीतही फाशी जाऊन २५ वर्षं झाली होती.

म्हणून बच्चन सिंगचा तो दुसरा भाग आता जास्त जड झालाय. दुसरा मार्ग बंद आहे असं म्हणायचं, तर ३५ वर्षं आत ठेवूनही भागणार नाही, हे सरकारला दाखवावं लागेल. मला तरी असं दाखवलेलं एकही प्रकरण माझ्या कोर्टात दिसलेलं नाही.

---

नीरा :

मग आता बदललंय का काही? की वर निकाल येतात आणि खाली तेच?

---

देवराई :

बदललंय, निदान मागायला आधार मिळालाय. २० मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य निकालात न्या. भट यांनी ही जबाबदारी सरळ सरकारवर टाकली. फाशी असलेल्या गुन्ह्यात सरकारने आरोपीची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी, कौटुंबिक आणि शैक्षणिक माहिती, परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसर) अहवाल आणि तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल सत्र न्यायालयापुढे ठेवायचा. पिंपळपारांचा भाड्याचा प्रश्न यातून काही अंशी सुटतो. त्याच मध्य प्रदेशात सरकारी वकिलांना फाशी मिळवण्यासाठी बक्षीस देण्याचं धोरण होतं, त्याबद्दलही त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली. आणि याच २०२२ मध्ये देशभरातल्या सत्र न्यायालयांनी १६५ जणांना फाशी सुनावली, त्यातले ३८ एकट्या अहमदाबाद बॉम्बस्फोट खटल्यातले.

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या वसंत दुपारे प्रकरणात (लहान मुलीवर अत्याचार आणि खून) सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. फेरविचारापर्यंत सगळं संपलं होतं. तरी मनोजमधली पद्धत पाळली गेली नव्हती, म्हणून घटनेच्या कलम ३२ खाली शिक्षेची सुनावणी पुन्हा उघडता येते, असं ठरलं. दोषसिद्धी कायम, शिक्षेचा विचार मात्र नव्याने. कातळ, तो गुन्हा तुम्ही वर्णन केलात तसाच आहे. मला त्या माणसाबद्दल सहानुभूती नाही. पण फाशी द्यायचीच असेल तर नियमाने ठरलेलं सगळं बघून द्या, एवढंच न्यायालय म्हणतंय, आणि ते मला बरोबर वाटतं.

---

कातळ :

माझं मत पूर्ण बदललं असं नाही. काही गुन्ह्यांना फाशीच, असं मी अजूनही म्हणतो. पण एका दिवसात दोषी आणि त्याच संध्याकाळी फाशी, हे बंद व्हावं हे पटलं. पिंपळपार, मनोजचं तुम्ही प्रत्यक्षात कसं वापरता?

---

पिंपळपार :

आता मी निकालाची वाट बघत नाही. दोषारोप निश्चित झाले की त्याच आठवड्यात अर्ज देतो, गुन्ह्याला फाशीची तरतूद आहे, मनोजप्रमाणे अहवाल मागवावेत म्हणून. त्यात स्पष्ट लिहितो की हा अर्ज म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे आणि अहवाल दोषसिद्धीपर्यंत सीलबंद राहावेत. हे वाक्य घरच्यांना वाचून दाखवलं की ते जरा निवांत होतात. सोबत चार कागदांची मागणी असते : शाळेचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा, कारागृहाच्या दवाखान्यातली नोंद, कारागृह अधीक्षकांचा वागणुकीचा अहवाल आणि परिविक्षा अधिकाऱ्याची गृहभेट. खडूफळा, शाळेचा दाखला मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो.

काही साहेब अर्ज 'रेकॉर्डला ठेवा' म्हणतात आणि पुढे जातात. तरी चालतं. उच्च न्यायालयात फाशी कायम करण्यासाठी फाईल जाते तेव्हा तो अर्ज तिच्यात असतो, मागितलं होतं आणि आलं नाही हे दिसतं. परिविक्षा अधिकारी मात्र जिल्ह्याला इतके कमी आहेत की अहवाल वेळेत येणं दुरापास्त. त्यासाठी मी प्रत्येक तारखेला स्मरणपत्र लावतो. कोणा तरुण वकिलाला अर्जाचा नमुना हवा असेल तर सांगा, नावं काढून इथे टाकतो.